न मोजलेला आकडा

पेट्रोल पंपावरची माणसं आबांना लांबूनच ओळखायची. त्यांची राखाडी स्कूटर वळताना दिसली की एक जण मुकाट्यानं आत जाऊन पाच लिटरचं माप घेऊन यायचा. आबा आधी त्या मापात पेट्रोल घ्यायला लावायचे, माप सपाट जागी ठेवायचे, गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकायचे आणि डोळा रेषेला लावून बघायचे. मग नरसाळ्यानं टाकीत ओतायचे. मागची माणसं हॉर्न वाजवायची. आबा वळूनसुद्धा बघायचे नाहीत. "वाजवा, वाजवा," म्हणायचे, "तुमच्यासाठीच बघतोय."

एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. लाजेनं मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता.

आबांना जाऊन आता वर्ष होत आलं. बारामतीत त्यांचा विषय निघाला की माणसं अजून हसतात. हसण्यासारखं होतंच. पण एक गोष्ट हसणाऱ्यांना माहीत नाही. ती लिहायची म्हणून मी बसले आहे आणि पेट्रोल पंपाचंच लिहीत राहिले आहे.

आबांचं मोबाइलचं दुकान एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. त्याआधी ते वडगाव निंबाळकरला दूध संकलन केंद्रावर होते. लोक किटल्या घेऊन यायचे, आबा दुधात काचेची नळी सोडायचे आणि नळीवरचा आकडा वाचायचे. दुधात पाणी किती घातलंय ते त्या आकड्यावरून कळतं. आमच्याकडं त्या आकड्याला डिग्री म्हणतात. डिग्री लागली तर दूध आत, नाही लागली तर किटली परत. आबांनी सख्ख्या मेव्हण्याची किटलीसुद्धा परत पाठवली होती. मेव्हणा पुढं दिवाळीलाही आला नाही. काकू, म्हणजे आबांच्या पत्नी, हे सांगताना अजून तोंड फिरवून घ्यायच्या.

पुढं केंद्रावर मशीन आलं आणि आबांचं काम गेलं. मग त्यांनी मोबाइलचं दुकान टाकलं. दुधाचा माणूस फोन काय विकणार, म्हणून गल्ली हसली. ती काचेची नळी आबांनी दुकानात आणून ठेवली होती, फोनच्या कव्हरांशेजारी, एका बरणीत. समोरच्या हॉटेलातून चहा आला की कधी कधी ते बरणी घेऊन उठायचे.

"कुठं निघाला, आबा?" हॉटेलवाला ओरडायचा.

"तुझ्या पातेल्याकडं."

"अवो, चहा प्यायचा आसंल तर प्या, न्हायतर ऱ्हाऊ द्या. माझ्या दुधाची इज्जत काढू नका गिऱ्हाइकापुढं!"

"इज्जत आसंल तर निघंल न्हवं," आबा म्हणायचे आणि परत येऊन तोच चहा प्यायचे.

मी त्यांच्याकडं लागले ती फोनवर काच बसवायला. पडद्याला ओरखडा पडू नये म्हणून वरून एक पातळ काच चिकटवतात, ती. आधी मी बांगड्यांच्या दुकानात होते. हात हलका आहे म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं. आबांनी माझं गाव विचारलं नाही, घरी कोण कोण ते विचारलं नाही. एक बंद पडलेला फोन पुढं टाकला, दहा काचा मोजून दिल्या आणि म्हणाले, "बसव. काढ. परत बसव." मी बसवत गेले. ते भिंग घेऊन प्रत्येक काचेखालचे बुडबुडे मोजत गेले. शेवटी म्हणाले, "सात नीट, तीन वाईट. सात लई झालं. शाळा किती?"

"चौथी."

"एक लाख सात हजार नऊ. लिहून दाखव."

मी लिहिलं. शून्यं कुठं द्यायची ते जरा थांबून मनात म्हणून बघितलं आणि दिली. आबांनी कागद लांब धरून बघितला आणि वरच्या खिशातलं बारीक टोकाचं पेन काढून माझ्यापुढं ठेवलं. त्या दिवसापासून दुकानातले सगळे आकडे मी लिहायला लागले.

आकडे म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आबांना कुणीतरी एक ॲप दाखवलं होतं. ते फोनवर चालू केलं की हात न लावता चित्रं पळायला लागायची. डोंगर, गाड्या, पाण्याच्या लाटा, उडणारी पाखरं. फोन तापायचा. दहा-पंधरा मिनिटांनी सगळं थांबायचं आणि पडद्यावर एक मोठा आकडा यायचा, लाखातला. जेवढा आकडा मोठा तेवढा फोनला दम जास्त. आबांना ते बघून काय झालं असेल ते मी समजू शकते. त्यांना त्यांची नळी परत मिळाली.

दुकानात आलेला कुठलाही फोन, नवा असो नाहीतर जुना, ते आधी पळवायचे. "पळवणं" हा त्यांचाच शब्द. एकदा नाही, तीनदा. दोन फेऱ्यांच्या मध्ये फोन पालथा करून ओल्या फडक्यावर ठेवायचे आणि पंखा बंद करायचे, कारण वारा लागला तर आकडा फसवा येतो म्हणे. उन्हाळ्यात आम्ही दोघं घामानं निथळत त्या फोनकडं बघत बसायचो. "पयल्या फेरीला सगळीच पळत्यात," ते म्हणायचे. "तिसरीला बघू." तिन्ही आकडे मी लांब वहीत लिहायचे आणि तिसरा, म्हणजे बहुधा सगळ्यांत कमी असलेला, एका पांढऱ्या चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवायचे. लोक त्याला डिग्रीच म्हणायला लागले. आबांचं नावही डिग्रीवाले आबा पडलं.

इंदापूरपासून गिऱ्हाईक यायचं. फोन दुसरीकडं स्वस्त मिळत असला तरी यायचं. ऊसतोडीला जाणारी माणसं, कारखान्यातले कामगार, शाळेतले गुरुजी. फोन हातात घेतला की आधी उलटा करायचे. एकदा एक बाई रागानं आली. म्हणाली, "आबा, गेल्या साली नेलेल्या फोनची डिग्री उतरली बगा. लई हळू झालाय. नासला का काय?" आबांनी हसण्यावारी नेलं नाही. फोन पळवला, जुनी वही काढली, दोन्ही आकडे तिला दाखवले आणि म्हणाले, "नासला न्हाय. पोरांनी खेळ भरल्यात आत. दुधात पाणी घातल्यागत हाय ते." तिच्यासमोर बसून त्यांनी एकेक खेळ काढून टाकला. दुसरा एक तरुण होता, शिकलेला. तो म्हणायचा, "आबा, मलाबी कॉलेजनं डिग्री दिली, पण मला कोण घरी नेईना. माझ्या पाठीवर एक चिठ्ठी लावा की तुमच्या हातची."

"आधी तीनदा पळावं लागंल," आबा म्हणाले. दुकानातली सगळी हसली. मीसुद्धा हसले, तोंडावर फडकं धरून.

ते दिवस असे होते.

मग एका कंपनीचे नवे फोन आले. कंपनीचा माणूस स्वतः घेऊन आला, गळ्यात ओळखपत्र, पाठीला काळी बॅग. आबांनी त्यातला एक खोलला आणि ॲप घालायला गेले. फोन म्हणाला, हे ॲप या फोनवर चालणार नाही. आबांनी मेमरी कार्डावरून घालून बघितलं. तेच. चष्मा पुसून परत बघितलं. तेच.

"ते बंद केलंय, आबा," कंपनीचा माणूस म्हणाला. "नव्या मॉडेलवर तपासायची ॲप चालत नाहीत. वरूनच तसं करून पाठवलंय."

"का?"

"बाजारात यायच्या आधीच लोक आकडे पसरवतात ना. बदनामी होते. काही दिवसांनी उघडतील. नाहीतर नाही."

"मग मला कळायचं कसं?"

"कंपनी सांगतेय ना, आबा. हे बघा, कागदावर सगळं छापलंय."

आबांनी तो कागद दोन्ही बाजूंनी उलटून बघितला. मग म्हणाले, "किटलीला कुलूप घालून माणूस केंद्रावर आला. म्हणाला, दूध झ्याक हाय, वता टाकीत, पण झाकण काढायचं न्हाय. मी वतू का?"

"दुधाचं वेगळं असतं, आबा."

"काय येगळं?"

तो चहा पिऊन गेला. जाताना दोन खोकी ठेवून गेला, "असू द्या, विचार बदलला तर." आबांनी ती वरच्या फळीवर फडक्याखाली ठेवली आणि एका पुठ्ठ्यावर मला लिहायला लावलं, 'तपासता न येणारा फोन येथे मिळणार नाही.' पुठ्ठा दारात टांगला.

पहिले काही दिवस लोकांनी कौतुक केलं. पण मग दुसऱ्या कंपनीनंही तेच केलं. तिसरीनंही. लोकांना तेच नवे फोन हवे होते, टीव्हीवर दिसायचे ते. ते आमच्या दारातला पुठ्ठा वाचायचे, आबांना नमस्कार करायचे आणि समोरच्या नव्या दुकानात जायचे, जिथं दारात मोठमोठ्यानं गाणी लागायची. आबा म्हणायचे, "जाऊ दे. तिसऱ्या फेरीला येतील." पण ते आले नाहीत. फोन वाईट निघाले असते तर आले असते. ते चांगले चालत होते. आबांना हेच समजत नव्हतं. दुपार दुपार आम्ही बसून राहायचो. त्यांनी जुने फोनच पुन्हा पुन्हा पळवायला काढले. काल लिहिलेला आकडा आज परत घ्यायचे.

काकू एकदा दुकानात आल्या. आबा बँकेत गेलेले बघून मुद्दाम आल्या असाव्यात. म्हणाल्या, "तुझं आयकत्यात ते. सांग की त्यास्नी कायतरी. दुकान ऱ्हाईल का आसल्यानं?" मी मान खाली घालून फडक्याची घडी करत राहिले. आबांना मी काय सांगणार होते? पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दुकान राहिलं नाही तर मीही नव्हते. आमच्या घरी तेव्हा माझ्या एकटीच्या कामावर चाललं होतं.

पावसाळा संपताना आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. डॉक्टरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बरोबर अंतरावर आहे का, ते त्यांनी खिशातली टेप काढून मोजलं होतं, असं काकूंनी कपाळाला हात लावून सांगितलं. चार दिवस ते घरी होते. जाताना मला सांगून गेले, "काचा बसव, कव्हरं वीक. फोनाला हात लावायचा न्हाय."

तिसऱ्या दिवशी बावड्याचे एक तात्या आले. दोन एसट्या बदलून आलेले, पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. त्यांना वरच्या फळीवर ठेवला होता तोच फोन पाहिजे होता. नाव चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. खोकं फडक्याबाहेर थोडं दिसत होतं, ते त्यांनी बघितलं.

"त्यो काय, हाय की," म्हणाले. "सून नर्सिंगचं शिकतीया. तिला म्हटलं, कुठलाबी चालंल, पण आबांच्या दुकानातला पायजे. आबांनी बघितलाय न्हवं ह्यो?"

नाही म्हणायला एकच शब्द लागतो. मला अनोळखी माणसाशी बोलायला आधीच जमत नाही. ते इतक्या लांबून आलेले, तोंडभर हसत होते, आबांचं नाव घेत होते. काकूंचं वाक्य डोक्यात होतं. मी मान हलवली. हो अशी.

"मग डिग्री कुठाय?" तात्यांनी फोन उलटा करून विचारलं.

मी पेन काढलं आणि चिठ्ठी लिहिली. एका जुन्या चांगल्या फोनचा आकडा मला पाठ होता. तो मी घेतला आणि शेवटचे दोन आकडे बदलले. चिठ्ठी नीट चिकटवली, बुडबुडा राहू दिला नाही. वहीत मात्र लिहायला हात गेला नाही. तात्या आकडा मोठ्यानं वाचत, खूश होऊन गेले. आबा परत आल्यावर मी सांगेन, असं मी ठरवलं होतं. आबा आले, हिरवा चष्मा घालून. सांगितलं नाही. एक खोकं कमी आहे हे त्यांना त्या चष्म्यातून दिसलं नाही.

पंधरा दिवसांनी बावड्याचाच एक माणूस आला. म्हणाला, "आबा, आमच्या शेजारच्या तात्यास्नी दिला तसला द्या. तेवढ्याच डिग्रीचा." आणि त्यानं फोनचं नाव सांगितलं.

"त्या फोनाला डिग्री लागत न्हाय," आबा म्हणाले. "त्यो मोजताच येत न्हाय."

"अवो, मी बघून आलोय. तुमच्या दुकानातली चिठ्ठी हाय. ह्याच अक्षरातली." त्यानं काउंटरवरच्या दुसऱ्या फोनकडं बोट केलं.

आबांनी वही काढली. पान पान उलटलं. मग फळीवरचं फडकं उचललं. खाली एकच खोकं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, एक डोळा अजून लाल होता. त्या माणसाला म्हणाले, "उद्या मीच येतो तिकडं." मला म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जायाचं. तूबी चल."

वाटलं, तिथं नेऊन चारचौघांत मला उभं करणार. बारामतीहून इंदापूर, तिथून दुसरी गाडी. वाटेत निरवांगीच्या बाजूचा ऊस तुटायला आला होता. आबा खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तात्यांच्या अंगणात कसली तरी बैठक चालली होती, सात-आठ माणसं होती. आबांना बघून तात्या उठले, "या या, डिग्रीवाले आबा! अगं, पाणी आण!" सुनेनं पाणी आणलं. आबांनी ते घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "तात्या, माझ्या दुकानातनं खोटा आकडा गेलाय. त्यो काढायला आलोय."

कुणाला काही कळलंच नाही. तात्या म्हणाले, "काढायचा म्हंजी?"

"फोन ठिवा. आकडा काढतो. फोन नको आसंल तर तोबी परत घीन."

"आन् डिग्री काढल्यावर फोनात काय ऱ्हाणार?" तात्यांचा आवाज चढला. "चांगला चालतोय पोरीचा. तिचं सगळं त्याच्यावर हाय. तुमी डिग्री काढून न्यायला आला व्हय?"

"तात्या, आकड्यानं काय व्हत न्हाय. फोन हाय तसाच ऱ्हातोय."

"मग कशाला काढताय?"

"त्यो आमी मोजलेला न्हाय."

"मग खरा लावा!"

"खरा मला म्हाईत न्हाय," आबा म्हणाले.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बैठकीतला एक जण हसला. "आबा, डोळं गेलं म्हणा की म्हातारपणी. अंदाजानंच लिवत हुता जणू इतकी सालं." दुसरा म्हणाला, "आमच्याबी घरात हाय एक यांच्या हातचा. काय खरं त्याचं आता?"

आबा म्हणाले, "चूक माझी हाय."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला बोलायचं होतं. ती चूक माझी आहे, आबांनी ती चिठ्ठी बघितलीसुद्धा नव्हती, एवढंच सांगायचं होतं. सून माझ्याकडं बघत होती. मला वाटतं, तिला कळलं असावं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं ते, "पाणी देता का?" तिनं तांब्या माझ्या हातात दिला.

शेवटी तात्यांनीच रागानं नखानं चिठ्ठी खरवडून काढली आणि आबांच्या हातावर ठेवली. "घ्या तुमची डिग्री." आबांनी ती दुमडून खिशात घातली, हात जोडले आणि आम्ही निघालो.

इंदापूरला गाडीला तासभर वेळ होता. बाकावर बसल्यावर आबांनी पहिल्यांदा विचारलं, "आकडा कुठनं आणलास?"

"मनानं," मी म्हटलं. मग थांबून खरं सांगितलं, "एका जुन्या फोनचा. शेवटचे दोन बदलले."

आबांनी खिशातली चिठ्ठी वरून चाचपली आणि म्हणाले, "म्हंजी तुला कळत हुतं."

एवढंच. त्या दिवशी नाही, नंतर कधी नाही, याविषयी ते पुन्हा बोलले नाहीत. मला कामावरून काढलं नाही. काकूंनाही सांगितलं नसावं, कारण काकू माझ्याशी पहिल्यासारख्याच बोलायच्या.

पण बावड्यातली गोष्ट इंदापुरात आली आणि तिथून बारामतीत. आबा स्वतः जाऊन कबूल करून आले होते, तेव्हा लोकांना ती खरी मानायला अडचण नव्हती. इतकी वर्षं बरोबर लिहिलेल्या आकड्यांचं काय, ते कुणी विचारलं नाही. गिऱ्हाईक चिठ्ठीकडं बोट करून म्हणायचं, "आबा, ह्यो मोजलेला का मनातला?" म्हणणारा हसत म्हणायचा, आबाही हसायचे. पण पाच-सहा जणांनी विचारल्यावर त्यांनी चिठ्ठ्या लावणंच बंद केलं. जे जुने फोन मोजता यायचे त्यांनाही. मी वही उघडून बसायचे. आबा फोन पळवायचे, तिसरा आकडा यायचा, ते बघायचे आणि पडदा बंद करायचे. पेन त्यांनी माझ्याकडून परत मागितलं नाही. पण "लिही" असं पुन्हा म्हणाले नाहीत.

संक्रांतीच्या सुमाराला दुकान बंद झालं. आबांनी आधी माझी सोय केली. समोरच्या गाणी लावणाऱ्या दुकानात स्वतः जाऊन सांगून आले, ज्या दुकानाची पायरी ते कधी चढले नव्हते. "पोरीचा हात चांगला हाय. धातल्या धा काचा नीट बसवती." दुकानदारानं त्यांच्या शब्दावर मला घेतलं.

तिथं मी नऊ दिवस काम केलं. नवव्या दिवशी मालकानं माझ्यापुढं पांढऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टाकला. म्हणाला, "लोक अजून डिग्री डिग्री करतात. तुमचं अक्षर लोकांच्या ओळखीचं आहे. प्रत्येक फोनला एकेक लावून टाका. चांगला भरघोस आकडा लिहा, सगळ्यांना सारखा नको." मी सांगितलं, मला जमणार नाही. हे मी कसं बोलले ते मला माहीत नाही. आवाज फार बारीक आला, त्याला दोनदा विचारावं लागलं. मग मी माझं फडकं घेतलं आणि घरी आले. चिठ्ठ्या त्यानं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतल्या. सगळ्या गल्लीला त्या दिसत होत्या.

आबा मला त्यानंतर एकदाच भेटले, आठवडी बाजारात. मला ते काम सोडून तीन आठवडे झाले होते, दुसरं मिळालं नव्हतं. ते फार वाळले होते. मेथीची जुडी हातात घेऊन दाबून बघत होते. माझ्याकडं लक्ष गेलं तसे थांबले.

"काय गं. बरी हायस का?"

"व्हय, आबा."

"काम हाय न्हवं तितं?"

त्यांनी माझ्यासाठी त्या पायरीवर जाऊन शब्द टाकला होता. तो मी नऊ दिवसांत टाकून आले, हे कसं सांगायचं ते मला सुचेना. "हाय," मी म्हटलं.

आबा जुडीची मुळं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चिठ्ठ्या लिवायला लावत्यात म्हणं."

मी काही बोलले नाही. त्यांनी थोडी वाट बघितली. आणि मग त्यांनीच माझ्या बाजूनं उत्तर दिलं.

"असू दे," म्हणाले. "पोट हाय. वाईट वाटून घिऊ नगंस."

जुडी पिशवीत घालून ते पुढं गेले. एक हात पुढं धरून, अंदाज घेत चालत होते. गर्दी फार नव्हती. दहा पावलांत गाठता आले असते आणि सांगायचं होतं तेही फार नव्हतं, मी सोडलं आबा, एवढंच. ते कांद्याच्या ढिगापाशी थांबले, तिथून वळले आणि मग दिसले नाहीत. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि घरी आले.